छंदशाळा : दोघांच्या खेळाचा फलक

सुट्टीचे दिवस आले की मुले मोबाइलवरून मान वर काढीत नाहीत, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण हातात मावणाऱ्या त्या पडद्याचा अधिक मोठा दोष असा, की तो एकट्याचाच असतो. शेजारी बसलेल्या भावंडाला त्यात जागा नसते. घरात संगणक असेल, तर या दुखण्यावर सुताराच्या करवतीने आणि चार हात तारेने करता येण्याजोगा एक उपाय आहे. दोघांनी खांद्याला खांदा लावून खेळावे असा खेळफलक घरी बनविण्याची कृती या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विजेच्या खेळांचा आरंभच मुळी जोडीने झाला. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ हा खेळ लाकडी कपाटात घालून बाजारात आणला. त्यात दोन खेळाडूंसाठी दोन चकत्या होत्या आणि एकट्याने खेळण्याची सोय नव्हती. जोडीदार मिळेपर्यंत थांबावे लागे. पुढे प्रत्येक खेळाने आपापली नियंत्रणे ठरविली. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’ला केवळ पाच बटणे होती, १९८० च्या ‘पॅकमॅन’ला एकच दांडी. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये समोरासमोरच्या दोन मल्लांसाठी प्रत्येकी एक दांडी व सहा-सहा बटणे आली. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी ‘मेम’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली आणि ही जुनी यंत्रे घरच्या संगणकावर जिवंत होऊ लागली. तेव्हापासून हौशी लोक घरच्या घरी असे फलक बनवू लागले.

फलकाचे मर्म अगदी साधे आहे. प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच नावाची लहानशी डबी असते. बटण दाबले की ‘टिक्’ असा आवाज होतो व दोन तारा एकमेकींना भिडतात. दांडीखाली, म्हणजे जॉयस्टिकखाली, असे चार स्विच असतात. तिरपी झुकविली की दोन स्विच एकदम मिटतात. म्हणून चार स्विचांत आठ दिशा मावतात. दांडी मध्यावर टेकलेली असल्यामुळे ती डावीकडे झुकविली असता खालचे टोक उजवीकडे जाते व उजवीकडचा स्विच मिटतो. तारा जोडताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर पडद्यावरचा वीर उलटा पळू लागेल.

आता खरा प्रश्न येतो तो या तारा संगणकापर्यंत नेण्याचा. टाकाऊ कीबोर्ड उघडून त्यातील बोर्डाला बटणे जोडावीत, असा स्वस्त मार्ग कित्येकांना सुचतो. एका खेळाडूचे त्यावर भागते, दोघांचे भागत नाही. कीबोर्डावर शंभरच्या आसपास कळा असतात. प्रत्येकीला स्वतंत्र तार देणे महाग पडते, म्हणून त्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळ्यावर मांडलेल्या असतात आणि कोणती आडवी तार कोणत्या उभ्या तारेला भिडली, यावरून कळ ओळखली जाते. एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर वीज वळसा घालून येते व चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्याचा भास होतो. हा घोटाळा टाळण्यासाठी साधे कीबोर्ड अशा वेळी एखादी कळ मोजतच नाहीत. म्हणजे थोरल्याने उडी मारावी त्याच क्षणी धाकट्याने दाबलेले बटण वाया जावे! “मी दाबलं होतं!” हे धाकट्याचे रडगाणे तेव्हा अक्षरशः खरे असते.

दोघांनाही न्याय मिळावयाचा, तर प्रत्येक स्विचला स्वतःची तार हवी. दोन जॉयस्टिकचे आठ स्विच, प्रत्येकी चार याप्रमाणे आठ बटणे आणि प्रत्येकाचे एक ‘सुरू’ बटण, असा अठरांचा हिशेब होतो. आर्डुइनो लिओनार्डो या बोर्डावर अशा वीस जागा असतात आणि तो संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचे सांगू शकतो. सव्वीस जागांचा रास्पबेरी पाय पिकोही चालतो. हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे असे सामान मिळते. इतरत्र टपालाने मागवावे.

लाकडाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्यावर आखणी करावी. मुलांना पुठ्ठ्यावर सहज हात ठेवावयास सांगून बोटांची टोके पेन्सिलीने टिपून घ्यावीत. बटणे तेथेच बसवावीत. दोन जॉयस्टिकमध्ये दीड फुटाचे अंतर असावे, म्हणजे कोपरे भिडत नाहीत. फळीसाठी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड उत्तम. सर्वसाधारण जपानी धाटणीच्या बटणास ३० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. पण हाती आलेले बटण स्वतः मोजून मगच ड्रिल चालवावे. हे काम वडीलधाऱ्यांनी करावे. कडा पॉलिश पेपरने घासणे, रंग देणे व बटणांची नावे देवनागरीत रंगविणे हे मुलांकडे सोपवावे.

तारांची जोडणी दोन नियमांत सांगता येते. एक सामाईक तार सर्व स्विचांच्या ‘कॉम’ लिहिलेल्या पायांतून माळेसारखी ओवून बोर्डाच्या ‘ग्राउंड’ला न्यावी. प्रत्येकाच्या ‘एनओ’ लिहिलेल्या पायातून वेगळी तार निघून बोर्डावरील आपापल्या जागी जावी. ‘एनसी’ हा तिसरा पाय मोकळा सोडावा. त्याला तार जोडल्यास बटण न दाबताच दाबलेले दिसेल. वीज संगणकातूनच येते, ती पाच व्होल्टची. तिच्यापासून मुलांना धोका नाही. स्विच मिटताना त्याची पाती क्षणभर थरथरते आणि एक दाब अनेकदा मोजला जातो. तेव्हा बोर्डाच्या आज्ञावलीत पाचेक सहस्रांश सेकंदांची उसंत ठेवावी.

बटणांना अक्षरे, अंक व बाणांच्या कळा नेमाव्यात. ‘कंट्रोल’ व ‘ऑल्ट’ टाळाव्यात. एकाने ‘कंट्रोल’ आणि दुसऱ्याने ‘डब्ल्यू’ एकदम दाबले, तर ब्राउझरमधील खेळाचे पानच मिटून जाईल.

जुन्या खेळांचे हक्क बहुधा आजही त्यांच्या मालकांकडे आहेत. ते उचलून आणण्याचा संस्कार मुलांवर नको. हक्कदारांनी मुक्त केलेले काही खेळ ‘मेम’च्या संकेतस्थळावर आहेत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एमआयटी या अमेरिकन संस्थेत जन्मलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये मुलांनी स्वतःच खेळ रचावा. फलक कीबोर्ड म्हणूनच वावरत असल्याने तो तेथेही चालतो, आणि रचणाऱ्याला दुसऱ्या बाजूस बसणारा कोणीतरी शोधावाच लागतो.

फलक पुरा झाला की प्रथम त्याची परीक्षा घ्यावी. साधे लिहिण्याचे पान उघडून दोन्ही मुलांना आपापली अक्षरांची बटणे एकदम दाबावयास सांगावे आणि सर्वांची अक्षरे उमटतात की नाही, ते पाहावे. एकही गळले, तर तार तपासावी. सर्व उमटली, म्हणजे फलक दोघांचेही ऐकतो. यापुढे हार-जीत ज्याची त्याच्या हातात; मग एका बाजूला आजोबा बसले तरी हरकत नाही.