मूल होत नाही, मग पुरुषाची तपासणी का नाही?

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे सगळ्यांची बोटे सुनेकडे वळतात. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, गंडेदोरे होतात, उपासतापास होतात. शेवटी ‘वांझ’ म्हणून शिक्का बसतो आणि मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. या सगळ्या काळात मुलाची मात्र एक साधी तपासणीही झालेली नसते! सोलापूरच्या कामगार वस्त्यांत हे घडते आणि शिकल्या-सवरल्या घरांतही घडते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांनी तरी हा अन्याय का चालवून घ्यावा?

विज्ञान काय सांगते ते पाहू. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी तपासणी करावी. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण असते. कधी एकट्या पुरुषाचे, कधी दोघांचे मिळून. तरीही आपण अर्धा आजार तपासतो आणि पूर्ण शिक्षा बाईला देतो.

पुरुषाची पहिली तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून प्रयोगशाळेत वीर्याचा नमुना द्यायचा. त्यात शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही संख्येची खालची मर्यादा धरली जाते. आकडा त्याहून कमी आला म्हणजे बाप होता येणार नाही, असे मुळीच नाही. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची असते.

मग पुरुष घाबरतो कशाला? तो घाबरतो मर्दानगीला बट्टा लागेल म्हणून. येथेच मोठा घोटाळा आहे. नपुंसकत्व वेगळे आणि वंध्यत्व वेगळे. संबंधात काहीही अडचण नसलेल्या धडधाकट माणसाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात. तो एक आजार आहे. मधुमेहाची लाज वाटत नाही, तर याची का वाटावी?

कारणे अनेक आहेत आणि बऱ्याच कारणांवर इलाज आहे. अंडकोषाच्या शिरा फुगणे, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात, हे वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांपैकी शंभरात ३५ ते ४० जणांत आढळते. गरज असेल तेथे त्यावर शस्त्रक्रिया होते. संप्रेरकांची कमतरता औषधाने भरून काढता येते. शुक्राणूंचा मार्ग बंद असेल, तर काही वेळा तो मोकळा करता येतो किंवा थेट अंडकोषातून शुक्राणू काढता येतात. १९९२ पासून तर एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याचे तंत्र जगापुढे आहे. उलट, जिममध्ये ताकदीसाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणू तयार होणेच थांबवू शकतात, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालचा यंत्रमाग, रंगाईची भट्टी, बेकरी, ट्रकची केबिन येथे दिवस काढणारा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्यात बिडी आणि तंबाखूची भर. म्हणून डॉक्टरने ‘काम काय करता?’ हे विचारलेच पाहिजे आणि मालकाने कारखान्यात हवा खेळती ठेवलीच पाहिजे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू आज सोडली, तरी फरक दिसायला तीन महिने धीर धरावा लागतो.

हा धीर नसतो म्हणूनच भोंदूंचे फावते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. दैवी शक्तीने मूल देतो असे सांगून बाईचे लैंगिक शोषण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदे आहेत, पण नवऱ्याची तपासणी टाळून बायकोला बुवाकडे पाठवणारी घरेही आहेत.

आणि हा विषय चळवळीचा नाही, असे कोणी म्हणू नये. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण शरीराच्या प्रश्नांवर शास्त्रीय बोलणे हा गुन्हा नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी सोडली नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल नको असणे आणि मूल हवे असूनही न होणे, हे दोन्ही प्रश्न नशिबाचे नसून शरीरशास्त्राचे आहेत. बाबासाहेब ९० वर्षांपूर्वी जे कोर्टात बोलले, ते आपण घरात बोलायला लाजतो!

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. वीर्यतपासणी आणि पुरुषाचा सल्ला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही मिळाला पाहिजे. गरिबाला खासगी केंद्राच्या दारात कर्ज काढून उभे राहण्याची वेळ येऊ नये. विहारांतील आरोग्य शिबिरांत रक्तदाब, साखर यांच्याबरोबर हा विषयही घ्यावा. आणि घराघरात एक नियम करावा : सुनेला दवाखान्यात नेण्याच्या दिवशीच मुलालाही न्यायचे. सगळे उपाय करूनही मूल झाले नाही, तर दत्तकाचा रस्ता मोकळा आहे आणि मुलाशिवायचा संसारही सन्मानाचाच असतो. समतेचा विचार भाषणातून सांगणे सोपे आहे. तो नवऱ्याच्या नावाने फाडलेल्या केसपेपरवर दिसला पाहिजे.