वाऱ्याला हद्द दाखविणारे सरकार!

वाऱ्याने कोठवर वाहावे, हे केंद्र सरकारने राजपत्रात छापले आहे! ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने कोळशावरील वीजकेंद्रांच्या तीन जाती पाडल्या. दिल्लीचा राजधानी-परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचे शहर १० किलोमीटरांच्या आत असेल, तर धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसविलीच पाहिजे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेकाचे पाहून व्हावयाचा. उरलेल्यांना माफी! त्यांनी धुराडे पुरेसे उंच ठेवले की झाले. ही माफी देशातील तीन-चतुर्थांशांहून अधिक संचांना लाभली आहे. ज्या मर्यादा २०१५ साली घातल्या, त्यांची ही अखेर!

उंच धुराडे धूर नाहीसा करीत नाही. तो दूरच्या अंगणात नेऊन टाकते. सल्फर डायऑक्साइड वाटेत रूप पालटतो, अमोनियाशी मिळून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि शेकडो किलोमीटर जातो. सरकार म्हणते, देशी कोळशात गंधक कमी, आणि सभोवारच्या हवेत हा वायू मर्यादेतच आहे. वा रे न्याय! चोर वेष पालटून पुढच्या गावी गेला, आणि फौजदार या गावी दवंडी पिटतो की चोरी थांबली!

इकडे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात १३१ शहरांना गुण मिळाले ते पीएम १०, म्हणजे जाड्याभरड्या धुळीवर. मग नगरपालिकांनी रस्ते झाडले यात नवल काय? फुप्फुसाच्या तळाशी जाणाऱ्या पीएम २.५ कणांची आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५!

नदीला खोरे असते, तसे हवेलाही खोरे असते. ते पालिकेचा जकातनाका जाणत नाही की राज्याची सीमा जाणत नाही. हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. २०२१ च्या कायद्याने दिल्ली आणि शेजारच्या चार राज्यांतील लगतच्या भागांसाठी एकच आयोग नेमला गेला. त्याने दिल्लीची हवा निर्मळ झाली नाही हे खरे; परंतु हद्द ओलांडून हुकूम देण्याचा अधिकार तरी त्याला आहे. विदर्भाच्या, सिंगरौलीच्या, कोरब्याच्या माणसाने काय पाप केले? दिल्लीकराचा तेवढा श्वास, आणि इतरांचा काय नुसता वारा?

आमची मागणी स्पष्ट आहे. हवेच्या प्रत्येक खोऱ्याला अधिकारसंपन्न आयोग द्या; यशापयश पीएम २.५ वर मोजा. आणि दहा किलोमीटरांचे ते वर्तुळ पुसून टाका. धूर ते पाळीत नाही. जनतेनेही का पाळावे?