आईचा बंब आणि हवेतली ऊब

गेल्या श्रावणातली गोष्ट. ऐंशी ओलांडलेली आमची आई न्हाणीघरातून ओरडली, "अरे, पाणी साधं कोमटसुद्धा नाही!" पुण्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर दोनशे लिटरचा सौर बंब आहे, त्याच्या टाकीत विजेची कॉइल आहे आणि आठच दिवसांपूर्वी त्याला हीट पंपाचे नवे यंत्र जोडलेले होते. कॉइलचे बटण मी मोठ्या विश्वासाने बंद ठेवले होते. एवढा सरंजाम असून शेवटी गॅसवर पातेले चढवावे लागले. "आपल्या तांब्याच्या बंबाचा निदान धूर तरी दिसायचा," आई म्हणाली. त्यावर मी काय बोलणार?

हे यंत्र मी हौसेखातर घेतले नव्हते. सौर बंब वर्षातले आठ-नऊ महिने चोख काम करतो. पण आभाळ भरून आले की सगळा भार कॉइलवर पडतो. हिशेब सोपा आहे. दोनशे लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला सुमारे ७ युनिट वीज लागते. हीट पंप तेच काम सव्वादोन-अडीच युनिटांत करतो. यात जादू काही नाही. आपला फ्रीज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकते. वीज लागते ती उपसण्यापुरती. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिट्टिंगर यांनी १८५६ च्या सुमारास मिठागरातले पाणी आटवण्यासाठी हेच तत्त्व वापरले होते. म्हणजे कल्पना पावणेदोनशे वर्षांची जुनी, आमच्या गच्चीवर येईपर्यंत मात्र आईला आंघोळ मिळेना!

दोष यंत्राचा नव्हता, जोडणीचा होता. उभी हयात शीतगृहात काढलेले आमचे एक शेजारी गुडघे धरत जिना चढून आले आणि पाच मिनिटांत हसू लागले. टाकीत गरम पाणी नेहमी वर तरंगते, गार पाणी तळाशी राहते. म्हणून यंत्राने तळाचे गार पाणी ओढावे आणि तापवलेले पाणी टाकीच्या वरच्या अंगाला सोडावे. आमच्या प्लंबरने पाइप वाचवण्यासाठी दोन्ही नळ्या तळाच्या एकाच तोटीला टी लावून जोडल्या होत्या. तापलेले पाणी बाहेर पडताच पुन्हा यंत्रातच शिरायचे. यंत्राला वाटायचे, टाकी तापली! दहा मिनिटांत ते बंद, आणि टाकी होती तशीच गार.

मग परतीची नळी वर गेली. पाणी गच्चीवरच्या मोठ्या टाकीकडे उलटे जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला, बोअरच्या पाण्यातला गाळ अडवायला जाळी बसली, नळ्यांना जाड वेष्टन चढले. हवेच्या उभ्या नळीला प्लंबरने चक्क बूच मारले होते, ते काढले. कोंडलेल्या वाफेशी खेळ नको. कॉइलचा थर्मोस्टॅट यंत्राच्या खाली आणून ठेवला, नाहीतर कॉइल आधी पेटते आणि महागाचे यंत्र नुसते उभे राहते. शिवाय यंत्र पहाटे न चालवता दुपारी चालवायचे ठरले. हवा जितकी उबदार तितकी उष्णता उपसणे स्वस्त पडते, आणि चांगली टाकी सकाळपर्यंत पाणी गरम धरते.

आता माझी तक्रार. या बाजारात प्रत्येकजण यंत्र विकतो, जोडणी कोणीच विकत नाही. विक्रेता म्हणतो प्लंबरला विचारा, प्लंबर म्हणतो इलेक्ट्रिशियनला, आणि इलेक्ट्रिशियन अर्थिंग तपासून निघून जातो. आमच्या प्लंबरचा मला राग नाही. त्याला नकाशा कोणी दिलाच नव्हता. सोबत आलेले पुस्तक इंग्रजीत, तेही भलत्याच टाकीचे. माझे म्हणणे असे की, टाकी प्रत्यक्ष पाहून काढलेला जोडणीचा कागद हाती आल्याशिवाय गिऱ्हाइकाने पैसे देऊ नयेत. महापालिकेने मालमत्ता करात सवलत देऊन पुणेकरांना सौर बंब बसवायला लावले, हे चांगलेच झाले. त्या टाक्या आज गच्च्यांवर उभ्या आहेत. त्या भंगारात काढून नवे संच घ्या, असे सांगणाऱ्यांवर मात्र पटकन विश्वास ठेवू नका. टाकी गळत नसेल तर तिलाच हे यंत्र जोडता येते.

अर्थात सर्वांनीच यामागे धावावे असे नाही. नवरा-बायको दोघेच, फ्लॅटमध्ये पंधरा लिटरचा गीझर, असे घर असेल तर या फंदात पडू नये. वाचणारी वीज किमतीच्या मानाने फार थोडी. यंत्राला मोकळी हवा लागते, ते घुमते, पावसाळ्यात त्यातून पाणी ठिबकते. आमच्याकडेही वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात एकदा बोलाचाली झाली, ती इथे सांगत नाही.

दुपारी दोनला गच्चीवर घुंईऽऽ असा आवाज सुरू होतो. आई पोथीतून मान वर करते आणि विचारते, "पेटला का रे बंब?"