तयार किट नेऊ नका, दुकानदारच सांगतेय

शिशुवर्गातल्या पोरांना घरून ‘प्रोजेक्ट’ करून आणायला लावणं शाळांनी बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यात तोटा झालाच तर माझाच. साताऱ्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि रात्री शटर अर्धं ओढल्यावर धापा टाकत येणारे आईबाप हे माझं हक्काचं गिऱ्हाईक. ‘काकू, उद्या पाण्याचे स्रोत द्यायचेत, काय काय लागेल?’ ज्याने ते करायचे तो साडेचार वर्षांचा कारागीर आईच्या खांद्यावर गाढ झोपलेला असतो.

मग मी कार्डशीट, निळा जिलेटीन, कापूस, आइस्क्रीमच्या काड्या आणि ग्लू गनच्या कांड्या काढून देते. वितळत्या डिंकाचं ते पिस्तूल बालवाडीच्या मुलाच्या हाती कुणी शहाणा माणूस देणार नाही. म्हणजे काम कोण करणार हे माझ्या काउंटरवरच ठरतं. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी प्रोजेक्टसाठी दबक्या आवाजात विचारणा होतेच. शिक्षिकांवर माझा राग नाही. वर्गाच्या भिंतीवर काही देखणं दिसलं नाही, तर पालकच ‘मुलांकडून काही करून घेत नाही का?’ म्हणून विचारतात.

अलीकडे तयार किटं खपतात. पाकिटात घुबडाचे डोळे, पंख, चोच, सगळं आधीच कापलेलं. मुलाने आकडे बघून फक्त चिकटवायचं. कागद फाडणं, चुरगळणं, कात्री तिरकी गेली म्हणून रडणं आणि त्या तिरक्या तुकड्याचाच मासा करणं, ही सगळी मजा त्या पाकिटातून वगळलेली असते. तीन वर्षांच्या मुलाला कात्री धड धरता येत नाही, पण फाडायला मनापासून आवडतं. त्याच्यापुढे जुना पेपर टाका.

चिकटवायला खळ करा. थोडी कणीक किंवा मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर गुठळी न होऊ देता ढवळायचा, पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत नको. साध्या खळीचं बोट पोराने चाटलं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी ती आंबते, तेव्हा उरलेली टाकून द्यायची.

रंगही ओट्यावरच आहेत. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळू द्या, आणि मुलाला अंघोळीच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर फिरवू द्या. बोट जाईल तिथे लाल रेघ उठते. लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी! हळदीचं कुंकू होतं तेही क्षार मिसळल्यामुळेच. हे सगळं त्या वयात समजावत बसू नये, लिंबू पुरवत राहावं. भेंडीचं देठ आडवं कापून ठसे घेता येतात. माझ्या नातीने अशा ठशांनी पान भरलं आणि सांगितलं, ही पावसात अडकलेली एसटी. मला काही एसटी दिसली नाही. दिसायलाच हवी असंही नाही.

यात मी नवं काही सांगत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच त्यांची साधनं झाली. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि आगकाड्या जोडून आकृत्या करू लागले. दोघांनाही माझ्यासारख्या दुकानाची फारशी गरज पडली नसती.

आणि आपल्याकडे दिवाळीचा किल्ला आहेच की. इथे तर मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. पोरं दगडविटा रचतात, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर टाकतात, बुरूज थापतात, अळीव पेरतात. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, म्हणून वसुबारसेच्या आधी घाई. गुण नाहीत, वहीवर शेरा नाही. तटबंदी ढासळली तर मोठी पोरं लहानांना शिव्या देतात आणि पुन्हा बांधायला घेतात. आता प्लास्टरचे तयार किल्लेही बाजारात येतात. गिऱ्हाईक मागतं, पण मी ठेवत नाही. मावळे मात्र विकते, धंदा आहे शेवटी.

शाळांनी एवढं करावं: हस्तकाम वर्गातच घ्यावं, रद्दी घरून मागवावी, आणि जे वेडंवाकडं होईल तेच भिंतीवर लावावं. स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार असले तरी.

आयांचा प्रश्न मला पाठ आहे: पसारा कोण आवरणार? जुनी चादर अंथरा, काम झालं की चारी टोकं धरून गच्चीत झटका. खळ कोमट पाण्याने निघते. हळदीच्या कपड्याला मात्र लगेच साबण लावू नका, डाग लाल होतो आणि आई घाबरते. आधी नुसत्या पाण्यात खळबळा, मग धुवा, आणि दिवसभर कडक उन्हात टाका. राहिलेला पिवळेपणा ऊनच खातं.