चाळिशीतला बेरोजगार

एक बायोडेटा देतो, वाचा. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश. मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर. चांगली सरकारी नोकरी, पण स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. मग लोणावळ्याला छापखाना, १९०९ मध्ये यंत्रांसाठी थेट जर्मनी. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं, छापखानाही सुटला. अधूनमधून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग (नाव उलटं वाचा!). १९११: वय ४१, बेकार, घरी दुसरी बायको आणि मुलं.

आमच्या हापिसात हा कागद आला असता तर एचआरने पहिल्याच चाळणीत बाजूला टाकला असता. स्थिरता नाही म्हणे!

तर हे आपले दादासाहेब फाळके. आम्हा नाशिककरांना ते मुख्यतः पांडवलेण्याच्या पायथ्याच्या स्मारकामुळे माहीत. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला, वेड लागलं, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

ही गोष्ट हल्ली करिअरवरच्या भाषणांत सांगतात ती अशी: बघा, माणूस भटकत होता, एके दिवशी त्याला त्याची 'पॅशन' सापडली, तुम्हीही शोधा. मला हे अजिबात पटत नाही. तो बायोडेटा पुन्हा वाचा. चित्रकला, फोटो, नकाशे-आराखडे, छपाई, जादू... माणूस वीस-पंचवीस वर्षं एकच काम करत होता: चित्र तयार करायचं आणि ते लोकांपुढे मांडायचं. फक्त ही सगळी कौशल्यं एकत्र लागतील असा धंदा तेव्हा आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. पडदे रंगवायला चित्रकार लागतो, फिल्म धुवायला रसायनं कळणारा, मारुती उडवायला जादूगार. फाळक्यांना १९११ मध्ये एवढंच दिसलं की हे सगळे आपणच आहोत.

आपल्या आयटीतलं 'स्विच' याच्या अगदी उलट. तेच काम, फक्त दुसरी बिल्डिंग आणि तीस टक्के जास्त पगार. असो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा एक मित्र. मेकॅनिकल इंजिनिअर. आधी अंबडला एका कारखान्यात, मग पुण्यात टेस्टिंग, आता नाशकात घरून काम. त्याच्या टीममधले निम्मे लोक यंदा कमी केले. त्याचं म्हणणं, कांद्याची प्रतवारी करणारं स्वस्त यंत्र बनवायचं. खळ्यावर आजही बायका दिवसभर बसून हाताने मोठा, मध्यम, गोलटी वेगळी करतात. यंत्र तो करणार, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर मी. "राजीनामा टाकतोय, तूही टाक," म्हणाला. वर फाळक्यांचं उदाहरण मलाच दिलं!

मग मीही त्याला फाळकेच ऐकवले. लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी लगेच सिनेमा काढला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर मिनिटाभरात बी रुजून वेल वर चढला. ती एवढीशी फिल्म दाखवून त्यांनी पैसे उभे केले. आपल्या भाषेत डेमो. म्हणजे ज्याला आपण वेडा म्हणतो तो माणूस आपल्यापेक्षा जास्त हिशेबी होता.

आणि दुसरी गोष्ट, जी भाषणांत कोणी सांगत नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्या अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत, शिवाय रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेची भोकं पाडत, फिल्म धूत. पडद्यावर तारामती झाले अण्णा साळुंके, कारण बाईचं काम करायला बाई मिळेना. पण त्या घरातल्या बाईचं काम कोणत्या श्रेयनामावलीत मोजायचं? मी मित्राला विचारलं, वहिनींशी बोललास का? तर म्हणे, "सांगेन ना, आधी ठरू दे."

भागीदारीचंही तेच. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला आले, १९१७ मध्ये 'लंकादहन' तुफान चालला, १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा बिनसलं, फाळके काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, मग परत त्याच कंपनीत. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, सिनेमा बोलायला लागला आणि मूकपटाचा जमाना संपला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १९४४ मध्ये नाशिकलाच गेले, ओढगस्तीत. मनासारखं काम मिळालं म्हणजे पुढचं सगळं मार्गी लागतं, असं त्यांच्या आयुष्यावरून तरी म्हणता येत नाही. तरीही मला कोणी विचारलं, की पुरातत्त्व खात्यातली पेन्शन की हे, तर फाळक्यांनी काय निवडलं असतं याबद्दल मला शंका नाही. माझ्या स्वतःबद्दल मात्र आहे.

म्हणून सध्या मी एवढंच कबूल केलंय: नोकरी दोघांची चालू. चार रविवार, त्याच्या गच्चीवर, एक जुना कॅमेरा, एक पट्टा आणि लासलगावहून आणलेल्या दोन गोणी कांदे. यंत्राने गोलटी बरोबर वेगळी काढली तर पुढचं बोलू, आणि तेव्हा बोलायला वहिनीही बसतील.

त्यांना हे कळलंय एव्हाना. पहिलाच प्रश्न आला, चार रविवारांनंतर ते दोन गोणी कांदे कोण संपवणार?