औषधाचा दर आणि मध्यस्थांचा वाटा

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचे ‘ओझेम्पिक’ हे मधुमेहावरील औषध अमेरिकेत २०२४ साली महिना सुमारे ९६९ डॉलर या छापील दराने विकले जात असता, त्याचा उत्पादनखर्च ५ डॉलरांहूनही अल्प असावा, असा अंदाज येल विद्यापीठातील संशोधकांनी मांडला. पेटंटाचा इजारा व संशोधनाचा व्यय ही कारणे खरीच. परंतु विमा कंपन्यांसाठी औषधांच्या याद्या ठरविणारे मध्यस्थ औषध कंपन्यांकडून ज्या सवलती घेतात, त्या दर चढा असेल तितक्या वाढत असल्यामुळे कंपनी व मध्यस्थ या उभयतांचे हित चढ्या दरातच गुंतते, आणि विम्याविना औषध घेणाऱ्या रुग्णाच्या पदरी त्यांतले काहीच पडत नाही, हे आम्हांस असह्य वाटते. दर उतरविल्यास औषध यादीतून वगळले जाईल, अशी भीती कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी सेनेटच्या समितीपुढील जबानीत सांगितली. तसे न करण्याची लेखी हमी मध्यस्थांनी दिल्याचे समितीचे तत्कालीन अध्यक्ष बर्नी सँडर्स यांनी तेथेच जाहीर केले.