घरी घासलेला आरसा आणि अचूकतेचा अहंकार

१/ दुर्बिणीचा आरसा घरी घासला म्हणजे तो कामचलाऊच असणार, हा समज फार रुजलेला आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, जिथे हजारो हात रोज शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवतात, तिथे तरी तो टिकू नये. इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे.

२/ १७८१ साली युरेनसचा शोध लागला तो इंग्लंडमधील बाथ येथील एका घराच्या बागेतून. विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार. आरसा त्याने स्वतः घडवलेला. मात्र त्या काळी आरशाची परीक्षा मुख्यतः प्रतिमा पाहूनच होई. दोष दिसे, तो आरशावर नेमका कुठे आहे, हे उमगत नसे.

३/ ही उणीव १८५८-५९ मध्ये फ्रान्सच्या लेओं फूकोने दूर केली. आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी प्रकाशाचा बारीक ठिपका ठेवायचा आणि परतणारे किरण धारदार पात्याने कापायचे. निर्दोष गोलीय आरसा एकसारखा काळवंडतो. सदोष आरशावर टेकड्या आणि खड्डे दिसू लागतात.

४/ चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावरील चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्शात, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रॉनमध्ये राहावी लागते. कारखान्यातील साध्या मायक्रोमीटरचा लघुत्तम भाग १० मायक्रॉनचा. मग घरी हे मोजायचे कसे?

५/ उत्तर भूमितीत आहे. १५० मिमी व्यासाचा, १२०० मिमी नाभीय अंतराचा आरसा घ्या. गोल आणि अन्वस्त या आकारांत कडेला फरक अवघा ०.२९ मायक्रॉन. फूकोच्या चाचणीत मात्र मध्य आणि कड यांसाठी पाते सुमारे २.३ मिमी सरकवावे लागते. फरक आठ हजार पट मोठा होऊन हाती येतो!

६/ 'महागडे यंत्र चुकत नाही' म्हणणाऱ्यांनी हबल आठवावी. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट निघाला. चाचणीच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसले होते. इतर चाचण्यांनी दोष दाखवला होता. 'कमी अचूक' म्हणून त्यांचा कौल डावलला गेला.

७/ हौशी कारागिरांनाही हाच न्याय लागू. एकदाच मोजून 'विसाव्या हिश्शाची अचूकता' मिरवणे ही बढाई होय. फूकोची चाचणी, रोंकीची जाळी आणि प्रत्यक्ष तारा यांचे एकमत झाले, तरच आकडा सांगावा.

८/ १९२० साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या यंत्रनिर्मितीच्या गावी रसेल पोर्टरने कारखान्यातील कामगारांना आरसे घासायला शिकवले. तिथूनच अमेरिकेतील हौशी दुर्बीणनिर्मितीची चळवळ फोफावली.

९/ पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आयुकात आरसे घासण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. चाकणच्या पट्ट्यात मोजमापाची शिस्त आधीच आहे. तपासणीशिवाय सुटा भाग पुढे न पाठवणाऱ्या हातांनी घरच्या आरशाला न तपासताच कमी लेखावे, हे त्यांच्याच धर्माला सोडून आहे.

(समाप्त)